काळी चारच्या जरा अलीकडे

आमच्या सी विंगमध्ये दोन गोष्टी लपून राहत नाहीत. कुणाकडे सुकट भाजलीय ती, आणि कुलदीप आंघोळीला गेलाय तो. दोन्ही डक्टमधून कळतात. डक्ट म्हणजे बाथरूमच्या खिडक्यांमागे बिल्डरनं सोडलेलं अंधारं भुयार. त्यात पाइप असतात, कबुतरं असतात आणि बातम्या असतात. बाकीच्यांना सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप लागतो, मला डक्ट पुरतो.

कुलदीप माझ्या समोरच्या फ्लॅटमधला. मूळचा अंबाजोगाईकडचा, आता चऱ्होलीकर. वय छत्तीस. रोज कंपनीच्या बसनं चाकणला जातो आणि तिथल्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर ठोकळा पाडून गाड्यांचे दरवाजे बनवतो. नऊ वर्षं झाली, अजून कॉन्ट्रॅक्टवरच. ही झाली त्याची कामाची ओळख. दुसरी ओळख अशी की तो पॉप सिंगर आहे. हसायचं तर हसून घ्या, माझं केव्हाच हसून झालंय. पण दोन लग्नसराया मोशीपासून मंचरपर्यंत एकही हळद त्याच्या ‘मांडवात पंखा लावा’ या गाण्याशिवाय लागली नाही. व्हिडिओत तो पिवळा कोट आणि गॉगल घालून टेबलफॅनसमोर नाचतो. तो टेबलफॅन आमचा. परत आला तेव्हा त्याचं एक पातं वाकलेलं होतं, पण कलेसाठी मी बोलले नाही. एवढंच की भेटेल त्याला सांगितलं.

त्याची बायको दिपाली पिंपरीला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तोंडाची फटकळ. “पॉपस्टार, गिरणीतून दळण आणा,” ही हाक मी डक्टमधून इतक्यांदा ऐकलीय की आमचे हेही त्याला आता पॉपस्टारच म्हणतात. आणि पॉपस्टार गॉगल न घालता दळण आणतो.

प्रेस शॉपमधली सगळी माणसं बोलतात तसा तो बोलायचा, म्हणजे हायवेच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलल्यासारखा. मी म्हणायची, “कुलदीप, अरे मी समोर आहे, शिक्रापूरला नाही.” तो म्हणायचा, “काकू, आमच्याकडं बोलत नाहीत, हातानं सांगतात.” मग त्यानं मला दाखवलं होतं. दोन बोटं वर केली की पत्रा सरकव. तळहात आडवा फिरवला की चहा. मूठ आवळून वर धरली की मशीन बंद कर. मी पुढचा महिनाभर आमच्या ह्यांना टीव्ही बंद करायला मूठ दाखवत होते.

जानेवारीत कंपनीत कानांची तपासणी झाली. दरवर्षी होते. एका पेटीत बसवतात, कानाला यंत्र लावतात आणि पी पी वाजलं की बटण दाबायला सांगतात. यंदा कुलदीपनं बराच वेळ बटणच दाबलं नाही. त्याला वाटलं, अजून सुरू व्हायचंय. ते केव्हाच सुरू झालं होतं.

कागद दिपालीनं माझ्याकडे आणला. दवाखान्यात बसत असल्यामुळे तिला त्यातलं कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच कुणालातरी दाखवायचा होता. “उजवा बराच गेलाय काकू. डावाही निघालाय त्याच वाटेनं. प्रेस शॉपमध्ये अजून दोन-तीन वर्षं काढली तर समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखावं लागेल.”

“मग दुसरं डिपार्टमेंट मागायचं.”

“मागितलं. साहेब म्हणाले, जागा निघाली की बघू.”

“साहेब नऊ वर्षं बघतायत. डोळे चांगले असणार त्यांचे.”

ती हसली नाही. हिशेब पोरालाही कळेल असा होता. गाणं वाचवायचं तर प्रेस शॉप सुटायला हवं, आणि प्रेस शॉप सुटायचं तर गाण्यानं घर चालायला हवं. हळदीची गाणी तीन महिने चालतात. उरलेले नऊ महिने लोक लग्न झालेलेच असतात.

आता माझा गुन्हा सांगते. एप्रिलमधला रविवार, दुपार. सोसायटीच्या पाण्याची मोटर चालू होती. आमचे हे सेक्रेटरी, म्हणून मोटरच्या खोलीची किल्ली आमच्या घरी, आणि सेक्रेटरी जेवून झोपतात म्हणून ती माझ्या कमरेला. ती मोटर डक्टच्या बुडाशी बसवलीय. चालू झाली की सगळा डक्ट घुमतो. त्या घुमण्यावर कुलदीपनं बाथरूममध्ये गाणं धरलं. पंख्याचं नाही, जुनं. ‘उंबऱ्यावरी ऊन थांबले, आत कुणी ना आले.’ रेडिओवर हे लागलं की माझी आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची. त्या गाण्यापायी आम्ही कितीतरी करपलेल्या भाकरी खाल्ल्या आहेत.

आणि हा बाबा, पिवळ्या कोटाचा, ते असं गात होता की माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. पण स्वभाव कुठं जातो? मी मोबाईल खिडकीतून बाहेर काढला, रेकॉर्ड केलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘सी विंगच्या बाथरूममधून थेट प्रक्षेपण. श्रोत्यांनी पाणी जपून वापरावे.’

लोक हसले. हसून पुढं पाठवलं. पुढच्यांनी त्यांच्या पुढं. आठवड्यात ते पिंपरीतल्या निरंजन सरांच्या फोनवर जाऊन पोचलं. निरंजन सर संगीत बसवतात. एका म्युझिक कंपनीनं त्यांना सांगितलं होतं की जुनी पाच गाणी नव्या गळ्यांतून पुन्हा करायची आहेत, गळा शोधा.

कुलदीप माझ्या दारात आला. “काकू, कव्हर करायचंय.”

“कशाचं? सोफ्याचं की मिक्सरचं?”

“गाण्याचं. कव्हर व्हर्जन. जुनं गाणं नव्यानं म्हणायचं. हेच, उंबऱ्यावरी. हे जमलं तर उरलेली चारही मलाच देणार. आणि वर्षाचा करार.” इथं त्याचा आवाज खाली आला. त्याला इतक्या हळू बोलता येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. “काकू, प्रेस शॉप सुटतंय बघा.”

त्या दिवसापासून त्यानं रियाज वाढवला. कुठं? कंपनीत. हे मला तेव्हा कळलं, आणि मी ते विनोद म्हणून सगळ्या विंगला सांगितलं. कानांवर जाड मफ लावायचे असतात. ते लावले की प्रेसचा दणका लांब जातो, स्वतःचा आवाज डोक्याच्या आत वाजतो, आणि शेडमागच्या मोठ्या कॉम्प्रेसरची घूं तेवढी पायांतून वर येत राहते. ती कधी थांबत नाही. त्या घूंवर सूर धरून हा आठ तास गातो. शेजारच्यालासुद्धा ऐकू जात नाही.

“नऊ वर्षं माझा तंबोरा तोच,” तो म्हणाला.

“आणि बिदागी म्हणून पगार,” मी म्हणाले.

मे महिन्यात रविवारी सकाळी आम्ही तिघं पिंपरीला गेलो. तो, दिपाली आणि क्लिपची निर्माती म्हणून मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बोलावण्याची वाट बघत बसले असते तर माझं अर्धं आयुष्य घरात गेलं असतं. स्टुडिओ कॅम्पात, कापडाच्या दुकानांच्या वर तिसऱ्या मजल्यावर. खाली “ताई, बघून तरी जा” चा कल्ला, आणि वर दार लावलं की काहीच नाही. भिंतींना फोम, दाराला फोम. कापसाच्या गादीत शिरल्यासारखं वाटलं. मला माझ्या बांगडीचा आवाज ऐकू येऊन लाज वाटली.

निरंजन सर बारीक अंगाचे, बिनसाखरेच्या चहाचे. कुलदीपला काचेपलीकडे उभं केलं, कानांना हेडफोन लावले. सुरुवातीला बासरी वाजली, आणि कुलदीप ओरडला. गायला म्हणायला हवं, पण ओरडलाच.

“कुलदीप, माईक तोंडाशी आहे,” सर म्हणाले. “पुढच्या शेडमध्ये नाही.”

मी खुसखुसले. दिपालीनं मला कोपर मारलं.

दुसऱ्या वेळी तो हळू गायला. तिसऱ्या वेळी डोळे मिटून गायला. चौथ्या वेळेपासून सर एकच वाक्य म्हणायला लागले, “किंचित उतरतोयस.” अकराव्या वेळीही तेच म्हणाले, तितक्याच शांतपणे. मला आधी काही कळत नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं. बासरी एका बाजूनं चाललीय आणि हा तिच्या अगदी अंगाला लागून, पण पायरी अर्धी खाली, असा चाललाय. वर येतो, ओळ संपता संपता पुन्हा खाली. प्रत्येक वेळी तितकाच. एका केसाचाही फरक नाही.

सरांनी त्याला बाहेर बोलावलं. “हेडफोन नको. काही ऐकू नको. तुझा सूर धर.”

त्यानं धरला. सरांनी पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. “ही पांढरी पाच.” खाली राहिली. “ही काळी चार. गाणं हिच्यावर आहे.” वर गेली. त्यांनी बोट उचललं. “तू दोन्हींच्या बरोबर मधे आहेस. फटीत. असा सूर पेटीवर नसतोच. रियाज कुठं करतोस?”

कुलदीपनं सांगितलं. मफ, कॉम्प्रेसर, घूं, सगळं. मी हा विनोद आधी ऐकलेला असल्यामुळे हसायची तयारी करून बसले होते. सर उठले, मागची छोटी खिडकी उघडली. बाहेर एसीची यंत्रं लटकत होती, पलीकडे वीजमंडळाचा डीपी होता.

“ऐक,” ते म्हणाले.

घूं. तीच.

“ह्या सगळ्या यंत्रांत वीज एकच खेळते, म्हणून घुमतातही बरीचशी एकाच सुरात. हा डीपी, तुझा कॉम्प्रेसर, तुमच्या सोसायटीची मोटर. इथून चाकणपर्यंत सगळं इथंच घुमतं, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे. त्या क्लिपमध्ये खाली मोटर होती ना?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. क्लिपमध्ये पेटी नव्हती, बासरी नव्हती, फक्त मोटर होती. मोटरशी तो तंतोतंत जुळला होता. मी जे पसरवलं होतं ते एक गायक आणि एक पंप यांचं युगुलगीत होतं.

“मग बाकीची वाद्यं त्याच्या सुराला आणा की,” मी म्हणाले. माझा सल्ला कुणी मागितला नव्हता, पण वाईट नव्हता.

“बाकी सगळं आणीन, ताई. बासरी येणार नाही. ती मूळ रेकॉर्डवरची आहे. कंपनीला तीच हवी, आणि तिला हात लावायचा नाही असं लिहून घेतलंय.”

सर चिवट होते पण. त्यांनी एसीची घूं रेकॉर्ड केली, यंत्रावर ती जराशी वर चढवून काळी चारवर आणली आणि बासरीबरोबर कुलदीपच्या हेडफोनमध्ये सोडली. म्हणजे याला त्याची मोटर मिळेल आणि गाण्याला त्याचा सूर. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काचेपलीकडे कुलदीपनं कान दिला. कपाळाला आठी पडली. मग त्यानं हात वर केला, मूठ आवळलेली.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“सर, ह्या मोटरचं बेअरिंग गेलंय.”

सर हसले. मी तर पदर तोंडात धरला. काचेमागे कुलदीप आमच्याकडे बघत उभा होता.

“तुम्ही हसायलात. मी खरंच सांगायलो,” तो म्हणाला. “अशी वाजायला लागली की आम्ही लाइन बंद करतो. अंग आपोआप मागं सरतं. ह्याच्यावर गाता येत नाही सर.”

मग शेवटचा उपाय झाला. सर म्हणाले, एक कान उघडा ठेव, स्वतःला ऐक. त्यानं उजवा उघडला, तर त्या कानाला बाहेरचं काही पोचेना. डावा उघडला, तर आतली बासरी फक्त उजव्याला मिळाली, आणि उजव्याला ती नुसती खरखर. तो कितीतरी वेळ हेडफोन इकडचा तिकडे करत होता. दिपाली उठून पॅसेजमध्ये गेली. चहाचे ग्लास धुतेय म्हणाली. ग्लास कागदाचे होते.

दुपार झाली तेव्हा सर म्हणाले, “ठीक आहे. आहे ते राहू दे. मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करतो.”

परतीच्या बसमध्ये कुलदीप खिडकीशी बसला होता. भोसरी गेल्यावर बोलला. “पार्ट बिघडला की आम्ही त्याला लाल टॅग लावतो काकू, आणि रिवर्कला टाकतो. घासून, ठोकून जुळवतात. मग तो जातो गाडीत. चालतो पण.”

“मग झालं तर,” मी म्हणाले.

“पण लाइनवरच्या माणसाला माहीत असतं ना कोणता तो.”

गाणं श्रावणात आलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस, हार, ढोल, नाचणारी मांजरं. माझाच मेसेज पहिला, ‘आमच्या बाथरूमचा हिरा’. गेटजवळ दत्तोबा बसलेले असतात. आमची बिल्डिंग त्यांच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे, आणि त्यांना त्याची आठवण करून द्यायला आवडतं. मी त्यांना मोबाईल कानाशी धरून पूर्ण गाणं ऐकवलं.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. मोबाईल मागं दिला. “पन त्यात आपला कुलदीप कुठं हाय?”

“अहो, तोच गातोय.”

“न्हाई गं. त्यो असा नसतो. त्यो जरा दबून असतो.”

म्हातारा शेतकरी, पेटीची पट्टी कधी बघितली नसेल, आणि जे सरांनी तीन तासांनी काढलं ते यानं बसल्या जागी काढलं. सुरात गाणारा तो आवाज गुळगुळीत होता, धुतलेल्या फरशीसारखा. उंबरा होता, ऊन होतं, आणि आत खरंच कुणी आलेलं नव्हतं.

संध्याकाळी कुलदीपनं मला जिन्यात गाठलं. “कसं झालंय काकू? खरं सांगा. मला उजव्यानं नीट कळत नाही आणि डाव्यानं ऐकायची भीती वाटायलीय.”

मी खोटं बोलत नाही, वाढवून बोलते. त्या दिवशी मात्र सरळ खोटं बोलले. “छान झालंय.”

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठांकडे.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. स्पीकरवर होता, डक्ट उघडा होता, माझा काही दोष नाही. सर सरळ माणूस, त्यांनी गोल फिरवलं नाही. “गळा आहे तुझ्यात, कुलदीप. पण ओळन् ओळ दुरुस्त करावी लागली. कंपनी म्हणते, एवढ्या वेळात दुसरा गायक पाच गाणी देतो. उरलेली चार त्यांनी दुसऱ्याला दिली.”

कुलदीपनं थेंबणारा नळ बंद केला.

“सर, हा सूर सुटंल का?”

“सुटेल की. वर्षभर मोटरांपासून लांब राहा. शांत जागी बस, तंबोरा लाव, रोज दोन तास.”

“मोटरांपासून लांब,” कुलदीप म्हणाला.

“हो.”

“बरं सर.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीच्या बसनं चाकणला गेला. जाणार कुठं? लांब म्हणजे किती लांब, आणि तिथं खायचं काय, हे काही सरांच्या पेटीवर नव्हतं. साहेबांना दिपाली स्वतः जाऊन भेटली. जागा निघाली की बघू म्हणाले. हळदीच्या लोकांचा फोन आला तर यानं यंदा नाही जमत म्हणून सांगितलं. पिवळा कोट तिनं धुऊन गॅलरीत वाळत घातला होता, तो दिवाळीपर्यंत तिथंच होता. उन्हानं एका बाजूनं पांढरा पडला.

आणि डक्ट गप्प झाला. सुकट कळायची, भांडणं कळायची, कुणाचा गीझर बिघडला ते कळायचं. हा आंघोळीला गेला की फक्त बादली आणि तांब्या. मी दोन दिवस बघितलं, चार दिवस बघितलं. दिपालीला विचारलं, तर म्हणाली, “कंपनीतही गात नाहीत म्हणे. मफ लावतात आणि उभे राहतात. गायला लागलो की तोच सूर लागतो, म्हणून तोंडच उघडत नाही म्हणतात.” मग तिनं खालचा ओठ दातांत धरला. “पुढच्या जानेवारीत पुन्हा तपासणी आहे.”

मला वाटलं, मीच घातलेली गाठ आहे, मीच सोडवीन. माझ्याकडे किल्ली होतीच.

दिवाळीनंतरचा एक दिवस. पहिली शिफ्ट करून तो चार-साडेचारला आला. डक्टमध्ये बादली ठेवल्याचा आवाज आला. मोटरची वेळ नव्हती, वरची टाकी भरलेली होती, हे मला माहीत होतं. मी खाली गेले आणि बटण दाबलं. वर येऊन खिडकीशी उभी राहिले. डक्ट घुमायला लागला, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे. आता ते मलाही ऐकू येतं, फ्रिजमध्येसुद्धा.

बादली भरली. तांब्या बुडाला. पाणी ओतल्याचा आवाज झाला. पुन्हा तांब्या.

गच्चीवरून टाकी वाहायला लागली. पाणी पाइपातून, भिंतीवरून, पार्किंगमधल्या गाड्यांवर. मोबाईल वाजायला लागला. ‘मोटर कुणी चालू ठेवली?’ ‘सेक्रेटरी झोपलेत का?’ ‘पाणी वाया चाललंय.’ सेक्रेटरी खरंच झोपले होते. मी मोबाईल उपडा ठेवला. उलट खिडकीला तोंड लावून मीच सुरू केलं, ‘उंबऱ्यावरी ऊन थांबले’. माझा आवाज कसा आहे ते मी सांगत नाही, कबुतरं उडाली एवढं पुरे. मला वाटलं, हसेल तरी. म्हणेल, काकू, तुमचंच बेअरिंग गेलंय.

समोरच्या खिडकीची काच सरकली. फटीतून त्याचा ओला हात बाहेर आला, कोपरापर्यंत साबण लागलेला. बोटं आवळली गेली. मूठ वर करून त्यानं हात तसाच धरून ठेवला, मी खाली जाऊन मोटर बंद करेपर्यंत.